मूळ फाइल जपणारी नंदाताई

नंदाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी देवासला कारखान्यात जायला निघालो होतो. धारहून तिची भावजय, मीनावहिनी बोलत होत्या. "भाऊजी, ताई गेल्या. चहा दिला, तो घेतला, आणि पुन्हा आडव्या झाल्या त्या..." मी इंदूरची बस धरली, तिथून धारची. वाटेत रडू आलं नाही. बाहेर गहू कापून झालेली शेतं होती, ती बघत राहिलो. त्याला आता काही आठवडे झाले.

नंदाताई माझी मावसबहीण, माझ्याहून बरीच मोठी. धारला तिच्या वडिलांचा फोटो स्टुडिओ होता. नव्वदच्या दशकात काका थकले तसा तिने तो हाती घेतला. लग्न केलं नाही. का, ते तिने सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. काचेवर निगेटिव्ह ठेवून बारीक पेन्सिलीने ती चेहऱ्यावरचे मुरुमांचे डाग झाकायची, तीळ मात्र कधी झाकायची नाही. "डाग पुढच्या महिन्यात जाईल. तीळ त्याचाच आहे ना," म्हणायची.

नवं शतक लागलं आणि तिच्याकडे डिजिटल कॅमेरा आला. मी कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात, त्यामुळे घरी कॉम्प्युटर आधीच होता. रविवारी ती शिकायला देवासला यायची, टेकडीवर देवीचं दर्शन घेऊन स्क्रीनसमोर बसायची. फोटो कशात सेव्ह करायचा, हा तिचा पहिला प्रश्न. मी सांगितलं, जेपेग फाइल लहान होते, सीडीत पुष्कळ मावतात, पण दर वेळी सेव्ह करताना फोटोतलं थोडं काही टाकून देते; टिफमध्ये सगळं राहतं, पण ती जागा फार खाते. तिला ते खरं वाटेना. मुंज तलावाचा एक फोटो होता, वर मोकळं आभाळ. तो जेपेग तिने उघडला, किंचित उजळला, सेव्ह केला, बंद केला, पुन्हा उघडला... दुपारभर हेच चाललं. उन्हं उतरली तेव्हा आभाळात फरशीसारखे चौकोन दिसायला लागले होते. "हे बघ, झिजलं," ती शांतपणे म्हणाली. तेव्हापासून तिची पद्धत ठरली. रंग-उजेड नीट केलेला फोटो टिफमध्ये सीडीवर ठेवायचा, त्याला शार्पनिंग द्यायचं नाही. इंदूरच्या लॅबसाठी वेगळी प्रत काढायची, हवा तो आकार द्यायचा, सगळ्यात शेवटी शार्पनिंग, आणि मग एकदाच जेपेग. शार्पनिंग म्हणजे फोटोला धार लावणं, असं मी समजावलं तर हसून माळवी ढंगात म्हणाली, "धारवाल्यांना धार काय शिकवतो, भिया?"

काही वर्षं हे छान चाललं. मग माझ्या थोरल्या मुलीचं लग्न झालं. फोटो अर्थातच नंदाताईने काढले. अल्बम आला, आणि काहीतरी खटकायला लागलं. क्षण नेमके टिपले होते, पण केसांच्या कडेने पांढरी रेघ, शालूचे काठ काट्यांसारखे, माझ्या आईच्या सुरकुत्या तारेने ओढल्यासारख्या. बायको म्हणाली, "आईंना एवढं म्हातारं कशाने केलं?" पुढच्या रविवारी मी धारला गेलो. ताईने तोच फोटो उघडला आणि शार्पनिंगची पट्टी सरकवत खूप पुढे नेली.

"ताई, जास्त होतंय."

"नाही रे. मला तर अजून मऊच दिसतंय."

तिने पट्टी मागे नेली, पुन्हा पुढे नेली. मग एक डोळा तळहाताने झाकून पाहिलं, मग दुसरा. "अनिल," ती म्हणाली, "फोटो नाही रे मऊ झालेत..."

इंदूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग जातो आहे, चष्म्याने भागणार नाही, गेलेली नजर परत येणार नाही. तिने एवढंच विचारलं, "कडेचं दिसत राहील ना?" राहील, म्हणाले. 

मला वाटलं, ती आता स्टुडिओ बंद करेल. तिने उलट मागचं काम काढलं. नजर उतरत होती त्या काळात दिलेले सगळे फोटो नव्याने छापून द्यायचे. टिफ फाइलींना धार लावलेली नव्हती म्हणूनच ते जमणार होतं. मीनावहिनी कॉम्प्युटरवर बसल्या, ताई शेजारी स्टुलावर. "गालाची कातडी कातडीच दिसते का? भुवईच्या कडेला पांढरं आलं? मग मागे घे." वहिनी हिंदी शाळेत शिकलेल्या, "हां ताई, अब ठीक है," म्हणेपर्यंत ताई पुढच्या फोटोकडे वळायची नाही. बहुतेकांनी नवे फोटो घेतले. बागली गावचं पाकीट मी स्वतः पोचवलं. तिथल्या एका माणसाने आपल्या आईचे दोन्ही फोटो उन्हात धरून पाहिले. "भिया, पेलेवाला ज्यादा हाऊ है. इसमें बाई कड़क दिखती है. वो ऐसी-ज थी." त्याला पहिलाच चांगला वाटतो, त्यात आई होती तशी कडक दिसते, हे मी ताईला सांगितलं. ती म्हणाली, "मग तोच राहू दे. त्याची आई त्याला ठाऊक."

कॅमेरा तिने त्यानंतर हातात घेतला नाही. रोज स्टुडिओत मात्र बसायची. 

तेराव्यानंतर भिंतीवर लावायला तिचा फोटो हवा होता. जन्मभर दुसऱ्यांचे काढले, तिचे असे फारसे नव्हतेच. शेवटी वहिनींनी काढलेला एक सापडला. समोरच्याला नजरेच्या कडेने बघायचं म्हणून मान तिरकी केलेली, ओठ मिटलेले. वहिनींनी प्रत काढायला घेतली आणि हात थांबवला.

"भाऊजी, कुठे लावायचा? और कितनी दूर से देखेंगे?"

प्रत्येक गिऱ्हाइकाला ताई हेच विचारायची. लांबून बघायच्या मोठ्या फोटोला धार जरा जास्त चालते, हातात धरायच्या फोटोला कमी. मी उठलो, स्टुडिओच्या दारापाशी जाऊन समोरच्या भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो.

"इथून," म्हणालो.

फोटो आता त्या भिंतीवर आहे. परवा गेलो होतो तेव्हा अगदी जवळ जाऊन पाहिला. केसांच्या कडेला किंचित पांढरं दिसलं. मी पुन्हा दारापाशी येऊन उभा राहिलो. तिथून ती नीट दिसते.