पेटीतली आक्का

मी आणि माझ्या बायकोनं, बुढीनं, मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे बादलीभर पाण्यात मीठ घालणं. त्यातही भांडलो.

मीठ खायचं नव्हतं. आमच्या बैठकीत चार फुटांची काचेची पेटी आहे आणि त्या पेटीत समुद्र आहे. (हसू नका. कामठ्यात, आमच्या धानाच्या गावात, समुद्र आहे. कपाटाच्या बाजूला.) त्यातलं एक बादली पाणी दर आठवड्याला काढायचं आणि एक बादली नवीन खारं पाणी ओतायचं. नवीन पाण्यात मीठ टाकलं की त्यात छोटा पंप सोडून एक दिवस फिरू द्यायचं, मगच ओतायचं, हा आमच्या पोराचा हुकूम. त्या सकाळी मी मीठ टाकलं, मीठ पाहायची काचेची नळी सोडली. नळी बरोबर रेघेवर तरंगली. बुढीनं करंगळी बुडवली आणि जिभेला लावली.

"फिकं हाय."

"नळी बरोबर दाखवून राहिली न!"

"नळीले जीभ हाय का? अर्धी वाटी टाका."

"उद्या पाहू."

"उद्या कायले? आता काय हात झडले?"

"उद्या म्हटलं न!"

ती पदराला करंगळी पुसून आत गेली. पंप बादलीत गुरगुरत राहिला.

आता हा समुद्र आमच्या घरी आला कसा, ते सांगतो. चूक माझीच आहे, पुढच्याही सगळ्या माझ्याच आहेत, तेव्हा वाचताना शोधत बसू नका.

लग्नाच्या वर्षी मी बुढीला म्हणालो होतो, "तुले समुद्र दाखवीन." मी राईस मिलमध्ये फिटर. नवीन नवरा काहीही बोलतो! ती म्हणाली, कधी? मी म्हणालो, मिलचा सीझन संपला की. सीझन संपला की मशीन खोलायची वेळ येते, मशीन जोडली की पुन्हा धान येते. अशी तीस-बत्तीस वर्षं गेली. मधे एकदा तिला तिरोड्याकडे बोदलकसाच्या तलावावर नेलं. काठावर उभा राहून हात पसरून म्हणालो, "घे! समुद्र म्हणजे असाच. काय फरक हाय?"

ती म्हणाली, "तिकडचा काठ दिसून राहिला."

मी रिटायर झालो तेव्हा गुडघे गेले होते. तिचेही, माझेही. आमचा अरुण नागपुरात लोकांच्या घरी माशांच्या पेट्या बसवतो. त्याचा एक गिऱ्हाईक घर बदलून दूर चालला होता, पेटी नेणं जमत नव्हतं. अरुणनं ती जशीच्या तशी पिकअपमध्ये घातली आणि दारात आणून उभी केली. पाणी ड्रममध्ये, दगड टबात आणि जिवंत पोवळी पिशव्यांत. पोवळं म्हणजे अंगठीतला लाल खडा एवढंच मला माहीत. हे जिवंत पोवळं म्हणजे दगडाला चिकटलेला जीव. चालत नाही, बोलत नाही, पण उजेड पडला की फुलतं.

"आई, घे तुया समुद्र!" अरुण म्हणाला.

बुढी पेटीसमोर पाटावर बसली ती संध्याकाळपर्यंत उठली नाही. त्या दिवशी स्वयंपाक मी केला. (त्याच्याबद्दल कोणी काही बोललं नाही, म्हणून मीही बोलत नाही.)

मग घरात समुद्राचं राज्य सुरू झालं. उन्हाळ्यात आमच्याकडे माणूस शिजतो. पाणी तापलं की पोवळं मरते म्हणून घरातला एकुलता एक कूलर पेटीकडे वळला, आणि आम्ही दोघं सुपानं वारा घेत बसलो. लोडशेडिंगची वर्षं ती. लाईट गेली तरी पाणी फिरलं पाहिजे म्हणून मी पंपाला ट्रॅक्टरची जुनी बॅटरी जोडली. मिठाचे डबे नागपूरहून यायचे. शेजारची कौसाबाई विचारायची, "एवढं मीठ! गावजेवणाचं लोणचं घालून राहिले का जी?"

पोवळी तीन जातींची होती. बुढीनं त्यांना घरातली नावं दिली.

एक पिवळट, चामड्यासारखं, पावसाळ्यात उगवणाऱ्या सात्यांसारखी, म्हणजे अळंब्यांसारखी, छत्री असलेलं. ते मधेच रुसायचं. आठ-आठ दिवस तोंड मिटून बसायचं, मग अंगावरचं पापुद्र्यासारखं काहीतरी टाकून पुन्हा उघडायचं. त्याचं नाव बुढा. (का, ते विचारू नका.)

दुसरं मोठं देखणं, लांब बोटांचं, बोटांच्या टोकाला सोनेरी थेंब. सारखं हलत-डुलत. जवळ कोणी आलं की चटका द्यायचं. त्याचं नाव आक्का.

आक्का माझी थोरली बहीण, तिरोड्याकडे दिलेली. देखणी बाई. बोलली की फोड येतो!

तिसरं म्हणजे हिरवी बटनं. दगडावर एकमेकांना चिकटून बसलेली, लहान लहान, सकाळी सगळ्यात आधी उघडणारी. त्यांना नाव नव्हतं. मी विचारलं तर म्हणाली, "त्याले नाव कायले पाह्यजे? मुकाट्यानं राह्यते थे."

लग्नाच्या पंगतीत बायकांना कुठं बसवायचं हे गावात बुढीलाच विचारत. कोणती जाऊ कोणत्या जावेच्या बाजूला बसली की वाढपी उपाशी घरी जातो, हे तिला पाठ होतं. तीच अक्कल तिनं पेटीत लावली. प्रत्येकाच्या मधे एक वीत जागा. वीत तिच्या हाताची. आक्का एकदम डाव्या कोपऱ्यात, एकटी, स्वतःचा दगड, कोणाची कटकट नाही. मला सक्त ताकीद होती, "पेटीत हात घालाचा नाई. तुमाले घरातले माणसं समजत नाई, पाण्यातले काय समजणार?"

आणि मग भाऊबीज आली. खरी आक्का आली.

ओवाळून झालं, साडी देऊन झाली. बुढी आत वड्या तळत होती. आक्का पेटीसमोर बसून चहा पीत होती. मी गप्प बसलो असतो तर आज हे लिहायला काही उरलं नसतं. पण मला उमाळा आला!

"आक्का, पाह्य! थे हाय न, सोनेरी बोटांची, थे तू!"

"मी?" आक्का चहा विसरली. "बाप्पा! किती चांगली दिसून राहिली मी!"

"मंग! तुया भाऊजयीनंच नाव ठेवलं."

आक्कानं मान एकीकडून दुसरीकडे केली. मग बशी खाली ठेवली. "न हा मधात कोन बसला, तोंड पाडून?"

"थो मी."

"अन् मी काऊन कोपऱ्यात?"

मी म्हणालो, तिकडे उजेड चांगला. आक्का म्हणाली, उजेड तर मधात हाय. मी म्हणालो, तिथं पाणी चांगलं. आक्का म्हणाली, पाणी एकच हाय न रे देवा, पेटी एक हाय!

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "समजलं मले. बाप गेला, माय गेली, आता माहेरात मले कोपराच. पाण्यात भी कोपराच!"

मी चौथी शिकलेला माणूस. बहीण भाऊबिजेला रडली तर काय करायचं असतं, हे कोणत्याच वर्गात शिकवत नाहीत. मी बाही वर केली, खांद्यापर्यंत हात पेटीत घातला, आक्काला दगडासकट उचललं आणि मधोमध आणून ठेवलं. एका बाजूला बुढा, दुसऱ्या बाजूला हिरवी बटनं. अगदी लग्नातल्या फोटोसारखं! हाताला आग-आग झाली ती झालीच, पण आक्का हसली.

"आता कसं घर वाटते," ती म्हणाली.

आतून बुढीनं विचारलं, "काय करून राहिले जी?"

"काई नाई," मी ओला हात पाठीमागं धरला.

दोन वाजता लाईट गेली. दिवाळीत नको म्हणून सांगितलेलं लोडशेडिंग त्यांनी त्याच दिवशी आठवणीनं केलं. ऊन नको म्हणून बुढीनं खिडकीला जाड चादर लावलेली, बैठकीत मिट्ट अंधार. आम्ही वड्या खाल्ल्या आणि तिघंही आडवे झालो. त्या जातीचं पोवळं अंधार झाला की लांब पांढरे धागे बाहेर काढते आणि हाताशी येईल त्याला जाळते, हे अरुणनं बुढीला सांगितलं होतं. मला सांगितलं नव्हतं. म्हणजे सांगितलं होतं, मी ऐकलं नव्हतं.

सहाला लाईट आली. पेटीतली आक्का भरल्या अंगानं डुलत होती, धागे वाऱ्यावर सोडून. बुढा तोंड मिटून गोळा झाला होता. आणि हिरवी बटनं जिथं होती तिथं पांढरा लेप. नुसता चिकट लेप.

बुढी ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती पाटावर बसली. आक्का मात्र बोलली.

"हे मी केलं?"

"तू नाई आक्का, थे..."

"तूच म्हणाला न, थे मी हाय! म्हणजे मी येतो अन् घर जाळतो, असंच न?"

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं ती गेली. साडी खाटेवर ठेवून गेली.

मी बुढीला समजवायला गेलो. समजवायला, बरं का! म्हणालो, "एवढं तोंड पाडाले काय झालं? चार बटनंच तं मेले."

ती जुन्या दात घासायच्या ब्रशनं दगडावरचा लेप काढत होती. मान वर न करता म्हणाली, "तिथं मी होतो, अजी."

मला पहिल्यांदा काही कळलं नाही. मग कळलं, बटनांना नाव का नव्हतं ते. मग मी बाहेर ओट्यावर जाऊन बसलो. जे माझ्या बहिणीनं बाहेर तीस वर्षं केलं होतं, तेच मी चार तासांत, स्वतःच्या हातानं, पेटीत करून दाखवलं होतं. आणि दोन्ही वेळा मी झोपलो होतो.

बुढीनं सात बटनं वाचवली. सातच. त्यांना छोट्या दगडावर गोंदानं चिकटवलं, उजव्या कोपऱ्यात ठेवलं, आणि आक्काला तिच्या जागी नेलं. वीत लावून पाहिली, पुन्हा लावून पाहिली. महिनाभर ती पेटीशी बोलायची आणि मी तिच्याशी. पुढच्या भाऊबिजेला आक्का आली नाही. त्याच्या पुढच्या वर्षी बुढीनंच फोन लावला. "आक्काबाई, या न. तुमी एवढ्या वाढल्या की कोपरा पुरून नाई राहिला. आता अर्धी पेटी तुमचीच हाय!"

आक्का आली. साडी नेली. जाताना पेटीकडे बोट दाखवून बुढीला म्हणाली, "सुमन, मले तिथंच राहू दे. बरी हाय तिथं." दोघी हसल्या. मला का हसल्या ते कळलं नाही, म्हणून मीही हसलो.

हिरवी बटनं हळूहळू दगडभर पसरली. बुढी रोज सकाळी पाटावर बसायची आणि ती उघडताना पाहायची. एकदा मी म्हणालो, "खरा समुद्र राहूनच गेला तुया."

म्हणाली, "ह्याचा काठ मले रोज पुसा लागते. पण पाहाले बरा हाय."

तर ती बादली.

त्या दुपारी जेवून ती जरा पडते म्हणाली आणि उठली नाही. डॉक्टर आला, मान हलवून गेला. अरुण नागपूरहून धावत आला, संध्याकाळपर्यंत सगळं आटोपलं. एवढी माणसं आली-गेली, कोणी रडलं, कोणी चपला शोधल्या, आणि त्या सगळ्या वेळात तो पंप बादलीत फिरतच होता. बंद करायचं कोणाच्याच लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अरुण घाटावर गेला आणि मी पाटावर बसलो. कौसाबाई म्हणाली, सुतकात पेटीचा लाईट कायले लावता? आक्का रात्रीच आली होती, ती आतून ओरडली, "लाव रे देवा! अंधारात काय होते थे माहीत हाय न!"

लाईट लावला. सगळ्यात आधी हिरवी बटनं उघडली. पेटीतल्या आक्काची बोटं लांबली. बुढा तेवढा तोंड मिटून बसला.

मी बादलीजवळ गेलो. नळी सोडली. नळी बरोबर रेघेवर. करंगळी बुडवून जिभेला लावली. मला काही समजलं नाही. खारं लागलं, बस. पुन्हा लावली. तिला काय समजायचं ह्यात? चुकीचं पाणी ओतलं तर बटनं मिटतील, आणि ह्या वेळी ब्रश घेऊन बसायला घरात कोणी नाही.

"आक्का, इकडे ये. हे चाखून पाह्य."

"येडा झाला का रे?"

"चाख न!"

आक्का गुडघे धरत आली. बोट बुडवलं, चाखलं, थुंकली. मग नाक मुरडून म्हणाली,

"फिकं हाय."

मी नळी उचलून उजेडात धरली. आतली रेघांची कागदी पट्टी सुटून वर सरकली होती. किती महिन्यांपासून, देव जाणे! मी अर्धी वाटी मीठ मोजून घेतलं, बादलीत टाकलं, हात घालून ढवळलं, आणि पाटाकडे तोंड करून मोठ्यानं म्हणालो, "बरोबर होतं तुयं."

एकेचाळीस वर्षांत बुढीला बरोबर म्हणायची माझी ही पहिलीच वेळ, आणि मुहूर्त काढला तो ती गेल्याच्या दुसऱ्या दिवशीचा! ऐकायला कोण होतं? आक्का. तिनं दुपारच्या आत गावभर सांगितलं.