भाऊजींचा उशिरा येणारा आवाज

माझे भाऊजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, जुन्या सामानाचे लिलाव पुकारायचे. मोडक्या कपाटावरही त्यांची जीभ अशी चालायची की बोली लावणाऱ्याला विचार करायला उसंत मिळू नये. पुढे घशाचा आजार निघाला आणि स्वरयंत्रच काढावं लागलं. मग भाऊजी लॅपटॉपवर टाइप करायचे आणि लॅपटॉप ते बोलून दाखवायचा.

पण तो पडला म्हातारा. बटण दाबलं की सहा-सात सेकंद ढिम्म, मग आवाज. एकदा मामांनी केस काळे केल्याचा विषय निघाला. भाऊजींनी लिहिलं, "भिंत पडायला आलीय, रंग कसला लावता?" ते बाहेर पडलं तेव्हा आत्या स्वतःच्या गुडघ्याच्या ऑपरेशनचं सांगत होत्या. महिनाभर त्या ताईच्या घराची पायरी चढल्या नाहीत.

त्यानंतर भाऊजींनी थट्टा करणंच सोडलं. ताईच्या जिवाला ते लागलं. प्रोसेसर बदलायचाच, असं ठरवून ती त्यांना आणि मला घेऊन दुरुस्तीवाल्याकडे गेली. त्याने झाकण उघडून दाखवलं. यातला प्रोसेसर बोर्डालाच जोडलेला, सुटा निघत नाही. अख्खा बोर्ड बदलायचा तर जवळजवळ नव्या लॅपटॉपचे पैसे. मग त्याने सहज विचारलं, "अजून किती दिवस वापरणार?"

आजार उलटलाय, हे त्याला कुठून ठाऊक असणार? ताई घाईने म्हणाली, पुष्कळ वर्षं. भाऊजी टाइप करत होते. दुरुस्तीवाला बॅटरीबद्दल सांगू लागला आणि मध्येच लॅपटॉप बोलला, "चार महिने."

घरी आल्यावर दोघांचं वाजलं. तुमचा शब्द वेळेवर ऐकायला मिळाला तर मला पैशाचं काही नाही, असं ताई म्हणत राहिली. भाऊजींनी लिहिलं, "जन्मभर लोकांच्या गळ्यात जुना माल मारला. आता माझ्या बायकोच्या गळ्यात कुणी मारू नये." ताईला हसू आलं आणि डोळेही भरले. मी भाऊजींचीच बाजू घेतली. बोर्ड बदलायचा राहिला.

चार महिनेही मिळाले नाहीत. शेवटी शेवटी एका दुपारी ताईने विचारलं, काही हवंय का? त्यांची बोटं चालू लागली. पाणीच हवं असेल, असं धरून ती स्वयंपाकघरात गेली. नळाच्या आवाजात तिला काही ऐकू आलं नाही. परत आली तेव्हा त्यांची शुद्ध हरपली होती, आणि पडद्यावर दोन शब्द होते, "जवळ बस."

ताई अजून म्हणते, "बोर्ड बदलला असता तर मी दारातूनच मागे फिरले असते गं."

तोवर त्यांची बोटंच मंदावली होती, हे मी एकदा सांगायला गेले. ती म्हणाली, "माहीत आहे मला." आणि उठून आत गेली.