मेहुण्याचा सत्कार आणि माझी फाईल

आमच्या घरात आणि माझ्या सासुरवाडीत, म्हणजे वळसंगात, एक हकीकत सांगितली जाते. पत्नीच्या महिला भजनी मंडळाच्या रौप्यमहोत्सवात मी मत्सरापोटी चुकीची फाईल लावली आणि भर सभेत अध्यक्षबाईंची शोभा केली, अशी ती हकीकत आहे. यातला ‘मत्सरापोटी’ हा शब्द मी खोडत नाही. ‘चुकीची’ हा शब्द मात्र मला मान्य नाही. तो माझ्या गळी उतरवण्याचा उद्योग माझा मेहुणा दर बारशाला आणि दर साखरपुड्याला करतो, त्याला हे उत्तर आहे.

मूळ कॅसेट माझी. शहराच्या पूर्व भागातल्या विणकरांची आणि कसब्यातल्या व्यापाऱ्यांची लग्ने ज्या कॅमेऱ्याने मी टिपली, त्याच कॅमेऱ्याने मंडळाचा पहिला कार्यक्रम टिपला होता. चौकटीत दोघीच स्पष्ट होत्या: मध्ये कन्नड भक्तिवचने गाणारी माझी पत्नी आणि तिच्या शेजारी टाळ घेतलेली तिची मैत्रीण, जी आज मंडळाची अध्यक्ष आहे. बाकीच्या बायका मागे अंधुक. महोत्सवात ही कॅसेट पडद्यावर दाखवायचे ठरले, तेव्हा पत्नीने ती मला न विचारता भावाला नेऊन दिली. जुन्या कॅसेटी संगणकावर उतरवून देण्याचे त्याचे दुकान आहे.

“घरात मी असताना?” मी विचारले.

“तो झटक्यात करतो. तुम्ही घोळत बसता,” ती म्हणाली. “आणि वर कुणी शिकवायला लागत न्हाई त्याला.”

भावाविषयी बोलताना तिच्या आवाजात जी ऊब येते, ती माझ्या वाट्याला फारशी आलेली नाही. हे मी तक्रार म्हणून नव्हे, वस्तुस्थिती म्हणून नोंदवतो.

मेहुण्याने फाईल आणली. सुरुवातीला सारे ठीक होते, पण तिसऱ्या वचनापर्यंत चित्र आणि आवाज यांची फारकत झाली. याचे कारण कोणीही जाणता सांगेल. झिजलेल्या फितीवर चित्र जिथे तुटते, तिथे संगणक ते तुकडे गाळतो. आवाज मात्र अखंड चालत राहतो. अंतर असे वाढतच जाते. मेहुण्याने उपाय काय केला? फाईलचे तुकडे पाडले आणि प्रत्येक तुकड्यात आवाज मागेपुढे सरकवून अध्यक्षबाईंच्या टाळावर बसवला. त्यांचा हात पडद्यावर ठसठशीत दिसतो. तो खाली आला की टाळ वाजला पाहिजे, एवढा त्याचा हिशेब.

तिथेच तो फसला. अध्यक्षबाईंचा टाळ आजवर कधीही वेळेवर पडलेला नाही. तालीम आमच्याच ओसरीवर होत असे आणि मी आत बसून ऐकत असे. सगळ्यांचे टाळ वाजत, आणि पापणी लवावी एवढ्या अंतराने अध्यक्षबाईंचा. मागे राहिलेल्या हाताला इतरांचा नाद जोडल्यावर व्हायचे तेच झाले. पत्नीचे ओठ आधी मिटत आणि शब्द मागून येई. माझ्या पत्नीचे गाणे तिच्याच तोंडावर बसत नव्हते, आणि घरातले सगळे म्हणत होते, “मामानं काय सुंदर केलंय!”

मी कॅसेट परत मागून घेतली आणि माझ्या जुन्या यंत्रावर पुन्हा उतरवली. गळालेल्या चित्रांच्या जागा आधी भरल्या, चित्राची गती सगळीकडे एकसारखी केली, आवाज न दाबता मूळ रूपात ठेवला आणि त्यानंतरच कात्री लावली. पारख टाळावर केली नाही. प, ब, म ही अक्षरे ओठ मिटल्याशिवाय उमटत नाहीत. पत्नीच्या तोंडी ती जिथे जिथे आली, तिथे तिथे थांबून पाहिले. शेवटच्या वचनापर्यंत ओठ आणि आवाज एक होते. मी तिला पाहायला बोलावले. ती म्हणाली, “आता कशाला? त्याचीच लावायची ठरलीय की.”

कार्यक्रमाच्या दिवशी मेहुण्याला सत्कारासाठी व्यासपीठावर बसवले आणि मला लॅपटॉपपाशी. “दाजी, तुम्ही फक्त बटन दाबा,” तो म्हणाला. चाळीस वर्षे चित्रण केलेल्या माणसाला! त्याच्या खांद्यावर शाल पडली. पत्नी पहिल्या रांगेत टाळ्या वाजवत होती, हात पार डोक्याच्या वर नेऊन. मी खिशातला पेनड्राइव्ह लावला आणि माझी फाईल सुरू केली.

पत्नीचा स्वर तिच्या ओठांतून निघाला. माझे लक्ष तिथेच होते. सभागृहाचे मात्र दुसरीकडे गेले.

“अगं बया, माझा टाळ मागनं पडायलाय की!” अध्यक्षबाई ओरडल्या.

“आज कळलं व्हय?” मागून कोणी बाई म्हणाली, आणि हशा पिकला.

मेहुण्याने माईक घेतला. “दाजींनी दुसरीच फाईल लावली. आवाज सरकलाय तिचा. बसा, मी बघतो.” शालीसकट तो खाली आला आणि स्वतःची फाईल लावून दिली. अध्यक्षबाईंचा टाळ चोख पडू लागला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. पडद्यावर माझी पत्नी ओठ मिटून झाल्यावर गात होती. ते कोणालाही दिसले नाही.

घरी आल्यावर तिने लुगड्याची घडी घातली. मग म्हणाली, “तुमचंच बरोबर होतं. माझं तोंड मला कळत न्हाई व्हय?”

“मग तिथे का बोलली नाहीस?”

“तिचा टाळ मागं पडतो ते आम्हा सगळ्यांना पहिल्यापासनं ठाऊक हाय. कुणी कधी तोंडावर बोललं न्हाई. तिनं घरचं बाजूला ठेवून मंडळ सांभाळलंय. तुम्ही तिला सगळ्यांदेखत दाखवून दिलंत.”

“तुझ्या भावाला हे कळत होतं?”

“त्याला कुठलं कळतंय? त्याच्या हातनं आपोआप बरं झालं.”

माझ्या हातून जाणून केलेले वाईट ठरले आणि त्याच्या हातून न कळता केलेले चांगले. हा न्याय मला आजही मान्य नाही.

परवा मेहुणा जेवायला आला आणि पाहुण्यांसमोर त्याने ती हकीकत पुन्हा रंगवली. मी पत्नीकडे पाहिले. आता तरी ती खरे सांगेल, असे मला वाटले. ती भाकरी वाढत होती. “व्हय,” ती म्हणाली, “आवाज सरकलाच होता यांचा.”

“सरकला नव्हता,” मी म्हणालो.

तिने भावाच्या ताटातल्या शेंगाचटणीवर दही घातले, भरपूर, आणि माझ्या ताटावरून तशीच पुढे गेली.