वहिनींना जरा बाहेर बोलवा

मनोहररावांची आणि आमची पहिली भेट आमचे घर बांधायला काढले तेव्हा झाली. उमरेड रोडकडच्या नव्या लेआउटमध्ये गटारलाइन आलेली नव्हती. दोन घरे सोडून राहणारे ओव्हरसियर मनोहरराव एका रविवारी आपणहून आले. मागच्या अंगणात त्यांनी चुन्याच्या फक्कीने संडासाच्या टाकीची आखणी करून दिली आणि मग वऱ्हांड्यात बसून बाबांना सगळे समजावून सांगितले. टाकीत फिनाईल किंवा अ‍ॅसिड जाऊ देऊ नका, मैला जिरवणारे जंतू त्याने मरतात. दर दोन वर्षांनी बांबूला जुना पंचा गुंडाळून आत सोडा आणि गाळ किती चढला ते पाहा. बाबांनी मान डोलावली. आई आत चहा करत होती. पुढे वर्षभरात बाबा गेले आणि हे बोलणेही त्यांच्याबरोबरच गेले.

मनोहररावांच्या साठीनिमित्त काढलेल्या या अंकात लिहा, असे समितीने सांगितले तेव्हा मी आधी नाही म्हटले होते. मला लिहिण्याची सवय नाही. शिवाय मनोहररावांविषयी लिहायचे तर आमच्या घरातले दुःख सांगितल्याशिवाय भागत नाही.

आई रोज सकाळी संडासात फिनाईल ओतायची, शनिवारी अ‍ॅसिड. आमच्या घरी वास येत नाही, याचा तिला अभिमान होता. चौथ्या उन्हाळ्यात टाकी तुंबली. दादाला नुकतीच कोराडीला नोकरी लागली होती. माणूस लावू या, असे मी म्हटले, तर तो म्हणाला, "आपल्या घरची घाण, दुसरा काहून उतरेल?" त्याने झाकण काढले आणि बांबू घेऊन तो लगेच आत उतरला. बांबू पडल्याचा आवाज आला, दादाचा आला नाही.

मी धावलो. माझा एक पाय आत गेला होता, तेवढ्यात मनोहररावांनी मागून मला कवळ घातली. आरडाओरडा ऐकून ते पळत आले होते. मी त्यांच्या मनगटाला चावलो. "सोडा मले," मी ओरडलो.

"नाही सोडत गा," ते म्हणाले. "एका घरातले दोन नाही."

दोर आणि आकडा आणून त्यांनी वरूनच दादाला बाहेर काढले. धंतोलीच्या दवाखान्यात नेईपर्यंत सगळे संपले होते. मी वर्षभर त्यांच्याशी बोललो नाही. ते मात्र रोज संध्याकाळी येऊन आईच्या वऱ्हांड्यात थोडा वेळ बसून जात. आईच्या फिनाईलविषयी त्यांनी कधी एक शब्द काढला नाही.

पुढे शेजारची टाकी भरली. मनोहरराव तिथे गेले आणि आधी म्हणाले, "वहिनींना जरा बाहेर बोलवा." आळीतल्या सगळ्याच बायका जमल्या, त्यात आईही होती. फिनाईलचे तिने तिथे पहिल्यांदा ऐकले. दुसऱ्या दिवशी सकाळी ती मला घेऊन मनोहररावांच्या दारात उभी राहिली.

"भाऊजी, मी रोज टाकत होती. माह्या पोराले मीच..."

त्यांनी तिला पुढे बोलू दिले नाही. "वहिनी, तुम्हाले कोनी सांगतलं होतं का? तुमच्या हातचा चहा पेलो अन् तुम्हाले बाहेर बोलावलं नाही. आत गॅस राह्यते, हे बी सांगतलं नाही. चूक माही आहे."

 आई म्हणाली, "आता सगळ्याइले सांगा."

त्यानंतर दर रविवारी दोघे घरोघर जाऊ लागले. आई पुढे जाऊन बायकांना बाहेर बोलवायची आणि मनोहरराव सांगायचे. टाकीत कोणीही उतरायचे नाही, घरचा नाही आणि मजुरीचाही नाही, हा त्यांचा नियम होता. एका घरमालकाने दोन मजूर उतरवायला आणले, तेव्हा मैला उपसणारी पंपाची गाडी येईपर्यंत मनोहरराव झाकणावर खुर्ची टाकून बसून राहिले. रिटायर झाल्यावर हीच ड्युटी धरली का, असा टोमणा मालकाने मारला. "हो गा," ते म्हणाले. "पगार नाही, पण सावली बरी आहे." मजूर हसले. ते दोघेही संध्याकाळी आपापल्या घरी गेले.

आई या पौषात गेली. तेव्हापासून मनोहरराव रविवारी एकटेच निघतात. अनोळखी घराच्या फाटकाशी थोडे थांबतात, कारण आतल्या बायकांना हाक मारायला आता कोणी नसते. मी हे खिडकीतून पाहिले आहे आणि गप्प बसलो आहे.

त्यांच्या डाव्या मनगटावर माझ्या दातांचा व्रण अजून आहे. त्याबद्दल मी त्यांची क्षमा कधी मागितली नाही, ती आज सर्वांसमक्ष मागतो. मनोहररावांना निरोगी दीर्घायुष्य लाभो, त्यांचे पाय चालते राहोत आणि हातातली पकड अशीच घट्ट राहो. येत्या रविवारी त्यांनी फाटकाशी थांबू नये. हाक मी मारीन.