जमीन काय म्हणते

नाचाच्या त्या कंपनीत मावशीला नाच येत नव्हता, पण सगळ्यांत आधी जमिनीवर उतरायची ती मावशीच.

काम सांगायला सोपं. सकाळी तालमीच्या खोलीतली काळी रबरी चटई ओल्या फडक्याने पुसायची, वाळू द्यायची आणि मग चपला दाराबाहेर काढून तिच्यावरून अनवाणी फिरायचं. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, पावलाला पाऊल लावून. नाचणारे सगळे अनवाणी. त्यामुळे कुठे खडा, कुठे टाचणी, कुठे चटईचा उचललेला काठ, ते मावशीच्या तळव्यांनी आधी हुडकायचं. तोवर आठही पोरं-पोरी भिंतीला टेकून उभी. त्यातलं कुणीतरी रोज विचारायचंच, "मावशी, जमीन काय म्हणते?" मावशी शेवटच्या कोपऱ्यात पोचली की म्हणायची, "चला." त्या शब्दाशिवाय कुणी चटईला बोट लावायचं नाही. नाच बसवणाऱ्या बाईसुद्धा नाही, आणि त्या बाई म्हणजे कुणाच्या बापाचं न ऐकणाऱ्या.

बावीस वर्षं हे असंच चाललेलं. मावशी रोज संध्याकाळी वजरीने तळवे घासून मऊ करायची. शेजारणी हसायच्या, या वयात पाय कुणाला दाखवायचेत म्हणून. मावशी म्हणायची, "दाखवायचे नाहीत गं, त्यांनी बघायचंय." एकदा चटईखाली अडकलेली केसांची पिन तिने टाचेने शोधली होती. तेव्हा बाईंनी ती पिन सगळ्यांना दाखवली आणि पुढचे दोन दिवस मावशी जरा ऐटीतच फिरली.

त्या वर्षी बाईंनी नवा नाच बसवायला घेतला. त्याला त्यांनी लांबलचक नाव दिलं होतं, पण मावशी त्याला पडायचा नाच म्हणायची. आणि पडायची होती लांबडी. ही पोरगी सतरा वर्षांची असताना कंपनीत आली. तेव्हापासून मावशीच्या डब्यात हात घालायचा तिला जणू हक्कच. नाचाच्या शेवटी तिने लाकडी घोड्यावर, म्हणजे चार पायांच्या उंच चौरंगावर, चढायचं, डोळ्यांवर पट्टी बांधायची आणि पाठीवर सरळ मागे पडायचं. खाली सात जणांनी तिला जमिनीपासून वीतभर वर झेलायचं आणि एकदम हात काढून घ्यायचे. उरलेली वीत तिची आणि जमिनीची.

तालमीत त्या जागी गादी असायची. तरी बाईंचा एकच घोशा. "अंग सैल सोड. पडताना शंका आली की अंग आखडतं. आखडलेलं अंग हातात येत नाही, निसटतं. मग डोकं आधी खाली."

"माझ्या मनात कसली शंका?" लांबडी म्हणायची. "मावशी फिरून आलेल्या असतात."

गादीला हवा लागावी म्हणून मावशी संध्याकाळी ती भिंतीशी उभी करायची आणि मधल्या जागेवर एक फेरी मारून घरी जायची. सकाळी दिवेवाला तिच्या आधी येऊन गादी परत मधे टाकून ठेवायचा.

त्याच आठवड्यात चटईवर डाग दिसायला लागले. बोराएवढे, सुकलेले, गादीच्या काठापासून दारापर्यंत, एकेका पावलाच्या अंतरावर. काळ्या चटईवर रंग कळायचा नाही, फडक्यावर तपकिरी यायचा.

"अरे, तू चहा पितोस की शिंपडतोस?" मावशीने दिवेवाल्याला धरलं.

"मावशी, पित्तामुळे चहा सोडून महिना झाला मला."

"मग भुतं येऊन पितात वाटतं."

"पितही असतील. बाईंची तालीम बघायला येत असतील बिचारी."

दोघं हसली. पण फडकं पिळताना बादलीतलं पाणी मावशीला काही चहाच्या रंगाचं वाटेना. दुसऱ्या दिवशी परत डाग. तिसऱ्या दिवशीही. मावशीने पुसले, फेरी मारली आणि म्हणाली, "चला."

तिसऱ्या दिवशीच तालीम संपताना बाईंनी सांगून टाकलं. उद्यापासून गादी नाही.

संध्याकाळी मावशी मोरीत पाटावर बसून वजरी घासत होती आणि आठ वर्षांची नात तांब्याने पाणी घालत होती.

"आजी, तुझ्या टाचेला भोक पडलंय."

"काहीतरीच तुझं."

"खरंच. दुखत नाही?"

"कुठे?"

"अगं, इथे. मी बोट ठेवलंय ना."

मावशी तोवर निवांत चुलीकडे बघत होती. तिने मान वळवली. नातीचं बोट टाचेच्या लाल खळग्यावर टेकलेलं होतं. मावशीला ते डोळ्यांनी दिसत होतं, तेवढंच.

नातीला त्यात खेळ सापडला. "डोळे मीट. आता कुठे हात लावला, सांग."

"अंगठ्याला."

"नाही. आता?"

"चवड्याला लावलास."

"आजी, मी हात लावलेलाच नाहीये."

मावशीने डोळे उघडले. वर्षापूर्वी दवाखान्यातल्या डॉक्टरने साखर निघाल्यावर सांगितलं होतं, पायांकडे लक्ष ठेवा. भेगा पडतील म्हणत असेल, असं समजून ती रोज तेल चोळत राहिली. आता तिला ते डाग आठवले. मग गेल्या महिन्यात एका पोराच्या पायात काच गेली होती, ती आठवली. तेव्हा सगळ्यांनी त्यालाच वेड्यात काढलं होतं, तूच बाहेरून आणली असशील, मावशी फिरल्या होत्या की. मावशीनेही मान डोलावली होती.

आणि डाग सुरू होत होते गादीच्या काठापासून.

सकाळी कुणी यायच्या आत ती बाईंच्या दारात उभी राहिली आणि सगळं सांगितलं. सुताराला बोलावलं. त्याने चटई गुंडाळली. मधली फळी खालून सुटली होती. एरवी तिथे काहीच दिसत नव्हतं, पण सुताराने तिच्यावर पाय दिला की एक स्क्रू सापाने जीभ काढावी तसा वर यायचा आणि पाय उचलला की आत जायचा. लांबडीची मान नेमकी तिथे टेकणार होती. सुताराने नवी फळी बसवली, चटईच्या भोकावर पट्टी मारली आणि निघून गेला.

बाईंनी मावशीच्या पायाला गुंडाळलेल्या चिंधीकडे बघितलं.

"पोरांना हे कळता कामा नये," त्या म्हणाल्या. "लांबडीला तर नाहीच. परवा प्रयोग आहे. ती तुमच्या शब्दावर पडते, मावशी, माझ्या नाही. नेहमीसारख्या फिरा आणि चला म्हणा. जमीन आता चांगली आहे. यात खोटं काय?"

"जमिनीचं खरं आहे, बाई. पायांचं खोटं आहे."

"तिच्या मनात शंका आली तर काय होतं, माहीत आहे ना तुम्हाला?"

मावशीला माहीत होतं. रोजच ऐकत होती ती.

पोरं आली, भिंतीला लागली. गादी कोपऱ्यात उभी होती. लांबडी आधीच घोड्यावर चढून पाय हलवत बसली होती. मावशी पायाची चिंधी सोडून चटईवर उतरली. पावलाला पाऊल लावत निघाली खरी, पण पाय दुसऱ्याच कुणाचे तरी आणि ती नुसती वर बसून आलेली, असं तिला वाटत होतं. खाली काच असती, निखारा असता, तरी ते पाय असेच गुमान चालले असते. मधल्या पट्टीपाशी ती थांबली.

"मावशी, झोप लागली का उभ्या उभ्या?" वरून लांबडी म्हणाली.

मावशी खाली बसली. गुडघे कडकड वाजले. तिने दोन्ही तळहात चटईवर टेकले आणि लादी पुसावी तशी रांगत, चाचपत निघाली. सगळी चटई व्हायला अर्धा तास लागला. परत येऊन मधली पट्टी तिने तीनदा दाबून बघितली.

मग बसल्या बसल्याच तिने सांगितलं. "माझे पाय मुके झालेत. कधीपासून ते मलाही माहीत नाही. या आठवड्यात इथे स्क्रू होता, तो मला टोचत होता आणि मी चला म्हणत होते."

एका पोरीने पाय उचलून आपला तळवा बघितला. काच लागलेला पोरगा भिंतीकडे बघायला लागला. बाईंनी डोळे मिटून घेतले.

लांबडीचे हलणारे पाय थांबले. ती उठून उभी राहिली, डोळ्यांवर पट्टी बांधली, मग परत वर सरकवून खाली त्या जागेकडे बघितलं. एवढ्या दिवसांत तिने खाली कधी बघितलं नव्हतं. पट्टी पुन्हा डोळ्यांवर ओढून तिने पाठ फिरवली.

"मावशी," तिने नेहमीसारखंच विचारलं, "जमीन काय म्हणते?"

मावशीच्या तळहातांना रबराचा कण न् कण कळत होता. इतकी खात्री तिला बावीस वर्षांत कधी नव्हती. ती भिंतीशी सरकली.

"चला," ती म्हणाली.

सात जण आपापल्या जागी गेले. हात पसरले गेले. मावशीने वर पाहिलं. लांबडीच्या पायांची दहाही बोटं घोड्याच्या फळीला आवळून धरून होती, आणि ती तशीच मागे कलायला लागली.