अण्णांनी मागवलेला टांगा

मी मास्तर माणूस. भूतखेत, देवऋषी, पत्रिका... यातलं काही मी कधी मानलं नाही. अजूनही मानतो असं नाही. पण जे घडलं ते माझ्यासमोर घडलं, म्हणून लिहितो.

महाराजांना गादीवर येऊन काही वर्षं झाली होती. कोल्हापुरात प्लेग शिरला आणि पेठेतली घरं भराभर रिकामी व्हायला लागली. मीही बायकोमुलांना घेऊन कसबा बावड्याच्या शिवारात झोपडी बांधली. थोरले बंधू अण्णा मात्र पेठेतून हलेनात. वहिनी गेल्यापासून ते एकटेच असायचे. एका जोशीबुवांनी त्यांना सांगितलं होतं, चाळिसाव्या वर्षातली संक्रांत तुम्ही बघणार नाही. ती संक्रांत महिन्यावर आलेली.

"लिहिलंय ते झोपडीत चुकतं होय रे?" एवढंच म्हणायचे. कचेरी सोडली, आठ दिवस उंबरा ओलांडला नाही. मी रोज जाऊन विनवायचो, रोज तसाच परतायचो.

त्या दिवशी सकाळपासून मी त्यांच्यापाशीच होतो. दुपारी दाराशी टांगा थांबला. हुसेनभाई, आमचे नेहमीचे टांगेवाले. अण्णासाहेबांचं सामान कुठाय, म्हणून विचारायला लागले. मी म्हटलं, तुम्हाला बोलावलं कुणी?

"त्यांनीच की. आत्ता अड्ड्यावर आलते."

मला वाटलं, माणूस चुकला असेल. तेवढ्यात अण्णा ओसरीवर आले. हुसेनभाई त्यांच्याकडं बघतच राहिले – अड्ड्यावरून टांगा हाकत ते सरळ इथं आले होते, वाटेत अण्णा कुठं दिसले नव्हते.

अण्णांनी हळूच विचारलं, "काय म्हणालो मी?"

"म्हनलासा, हुसेन, मला बावड्याला ने. मला इतक्यात मरायचं न्हाय."

अण्णा खांबाला धरून खाली बसले आणि ढसाढसा रडले. वहिनींच्या वेळीही ते असे रडले नव्हते. मग उठले, स्वतःच वळकटी बांधली आणि टांग्यात जाऊन बसले.

चारच दिवसांनी त्यांच्या माजघरात उंदीर मरून पडलेले सापडले. संक्रांत आली नि गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा झोपडीपुढं उन्हात बसून भाकरी मागत होते, आणि माझ्या छातीवरचा धोंडा उतरला.

आता जोशीबुवा खोटे म्हणावेत, तर अड्ड्यावर आलेलं ते कोण? आणि त्याचं येणंही लिहिलेलंच होतं म्हणावं, तर मग जोशीबुवांनी वाचलं काय? मला सांगता येत नाही. अण्णांना विचारलं, तर म्हणतात, "कोण का असंना. मला बोलायचा धीर नव्हता ते तो बोलला."