सुलभाच्या विकतच्या पोळ्या

आमच्या ओट्यासमोरच्या खिडकीतून शेजारच्या सुलभाचं स्वयंपाकघर सरळ दिसतं. पाहायचं नाही असं मी रोज ठरवते आणि रोज पाहते.

कोपऱ्यावरच्या पोळी-भाजी केंद्रातून ती मुद्दाम चार पोळ्या जास्त आणते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या हातानं कुस्करते, कांदा-मिरचीच्या फोडणीत परतते, वरून दाण्याचं कूट आणि लिंबू. दहा मिनिटांत काम संपलं. कधी गूळ-तूप घालून लाडू वळते, कधी पोळीवर लसणाची चटणी पसरून ती नुसती तव्यावर कडक करते. मग नवराबायको बशा घेऊन खिडकीशी बसतात. ती बसते, हेच मला सहन होत नाही.

फोडणीची पोळी मला जिवापाड आवडते. पण आमच्याकडे पोळी कधी उरतच नाही. माझा अंदाजच इतका पक्का, की रात्री डबा रिकामा. त्याचा चारचौघींत तोराही मी भरपूर मिरवलाय.

काल जेवताना ह्यांना म्हटलं, "आपणही आणू या का एकदा विकतच्या पोळ्या?"

तव्यावरून थेट ताटात पडलेल्या पोळीचा तुकडा मोडत हे म्हणाले, "छे! तुझ्या हातच्या पोळीची सर त्यांना कुठली यायला!"

या एका वाक्यावर मी बावीस वर्षं ओट्याशी उभी आहे. सुलभाला असं कधी कुणी म्हणालं नसेल.

नशीबवान बाई!